तेविसावं चित्र

पहिल्या चित्रात मी सगळंच घातलं होतं.
विहीर, मोटार, स्टार्टरची पेटी,
मागे सातपुड्याची निळसर कड,
एक कोल्हा (खेळात तो दोनदाच येतो)
आणि टॉर्च घेतलेली रेवती,
जिच्या वेणीचा एकेक पेड
मी सावद्याच्या खोलीत चार रात्री कोरत बसलो.

मॉनिटरवर बघताना छाती भरून यायची.
दुकानात मात्र ते नखाएवढं दिसणार होतं,
शेकडो नखांच्या गर्दीत.
आईपुढे फोन धरला, हात लांब करून.
कळण्याची भाकरी थापता थापता तिनं पाहिलं,
"काय हे? भाजेल वांगं?"

खेळाचं नाव 'थ्री फेज'.
रात्री एकला वीज येते, पहाटे पाचला जाते.
तेवढ्यात रेवतीनं केळीच्या बागेतून जायचं,
सात व्हॉल्व्ह फिरवायचे आणि परत यायचं.
बस. कुणी मरत नाही.
तीन वर्षं मी पानांचे आवाज बसवत होतो:
फाटक्या पानाचा वेगळा,
उलगडत्या पोंग्याचा वेगळा.
आणि आवाज काही चित्रात काढता येत नाही.

केतकी भुसावळहून म्हणाली (संगीत तिचं आहे),
कुणाचे तरी डोळे चमकव, लोक थांबतात.
सहाव्या चित्रात डोळे चमकवले.
नवव्यात रेवतीच्या हाती कोयता दिला.
कोयता फार छान दिसला.
त्या रात्री झोप लागली नाही.
कोयता बघून आत आलेला माणूस
तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी मला काय म्हणेल?

मग एका सकाळी बांधावर कटाई चालू होती.
व्यापारी मोटारसायकलवरून उतरलाही नाही.
एक पाय जमिनीवर, एक फणी हातात,
भाव बोलला आणि गेला.
मी टोळीच्या लीलाधर फिरक्यांना विचारलं,
बाकीचा घड?
"घड कोन पाहतं, भाऊ. फनी बोलते."
पाण्याचा तांब्या खाली ठेवून परत म्हणाले,
"पन वरची फनी एक अन् खालचा माल दुसरा निंघाला ना,
तर पुढच्या साली तो ह्या बांधाले पाय लावत नाई."

घरी येऊन पुसायला बसलो.
कोल्हा गेला.
सातपुडा गेला, जरा वाईट वाटलं,
पण तो खिडकीबाहेर होताच.
विहीर, मोटार, कोयता, चमकते डोळे.
वेणीपाशी हात अडला. चार रात्री होत्या तिच्यात.
दुपारभर फिरून आलो आणि वेणीही पुसली,
वेणीबरोबर रेवती.

उरला टॉर्चचा एक गोल झोत.
त्यात घडावर चढवलेली निळी पिशवी,
वाऱ्यानं जराशी फुगलेली,
आणि तिच्या खाली, चिखलाच्या कडेला,
दोन चपला.
(रेवतीच्याच. खेळात ती त्या तिथंच काढते,
नव्या आहेत म्हणून.)
अक्षरांना स्टार्टरच्या पेटीचा लाल दिला.
'थ्री'च्या पोटातली तिरपी रेघ
लहान होताच बुजायची;
तिच्यापायी दोन दिवस गेले.

काल रात्री आईच्या फोनवर पाठवलं, काही न लिहिता.
ती चष्म्याशिवायच पाहत राहिली.
"कोन उभं हाये रे तठी, पिशवीच्या मागे?"

कुणीच नाही, हे मला माहीत होतं.
मी ताट वाढून घेतलं, गप्प बसलो.
तिनं चित्र मोठं करून पाहिलं,
मग पिशवी बाजूला सारावी तसं
काचेवरून एक बोट फिरवलं.